उतरंडीचा किनारा

ताई बसमध्ये चढली तेव्हा ड्रायव्हरने आपल्या मागची सीट रुमालाने पुसून दिली. इतक्या वर्षांत त्याने कुणासाठी सीट पुसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताई बसली, पिशवी मांडीवर घेतली, खिडकीची काच सरकेना तशी गप्प राहिली. मास्तरने पुढे होऊन काचेला दोन धपाटे घातले. काच सरकली. त्याला वाटलं, आजचं बोलणंही असंच दोन धपाट्यांत उरकेल. मग ताईने मान वर करून पाहिलं, आणि तो मागे वळून माणसं मोजायला लागला.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. किनाऱ्याच्या एक दिवसाच्या सहलींवर गाइड म्हणून बसमध्ये उभा राहून बोलण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून तो मास्तर. सकाळी बाजाराच्या चौकातून माणसं भरायची. आधी जुनं जकातघर, मग मिठागरं, मग दीपगृहाचा गोल जिना, जिथे बोलघेवड्यातला बोलघेवडाही धापा टाकत गप्प होतो. दुपारी ओहोटीला फुटक्या जहाजाच्या फासळ्या वाळूतून वर येत, त्या दाखवायच्या. आणि उन्हं कलली की परतीच्या वाटेवर शेवटचा थांबा, गोट्यांचा किनारा. तिथे वाळू नाही. सगळे दगडच दगड, चपटे, गोल, राखाडी, अंड्याएवढे आणि भाकरीएवढे. लाट मागे फिरली की त्यांच्यातून पाणी असं उतरतं की वाटावं, हजारो बाया एकदम बांगड्या काढून ठेवतायत.

त्या किनाऱ्यापाशीच, वळणापलीकडच्या एकट्या घरात, ताई राहायची. काल ती भावाकडे, म्हणजे मास्तरकडे, शहरात मुक्कामाला आली होती. सकाळी मास्तर म्हणाला होता, ताई, वेगळी कशाला जातेस, आमच्या बसमधूनच चल, शेवटी तुझ्या दारातच तर यायचंय. ताई बरं म्हणाली. कारण विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर सोपं झालं असतं.

कारण असं होतं. उद्यापासून गोट्यांचा किनारा बंद व्हायचा होता. दोन आठवड्यांपूर्वी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई मास्तरला भेटायला आल्या होत्या. उन्हाने रापलेल्या, गळ्यात दुर्बीण, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की एक चिमुकला पक्षी उघड्या दगडांत अंडी घालतो, घरटं म्हणून काही बांधत नाही, आणि तुमच्या सहलीतली माणसं दगडांच्या उतरंडी रचतात तेव्हा त्याची जागा मोडते. दगडाखाली जे जीव ओलाव्याला राहतात ते उन्हात मरतात. मागच्या हंगामात एकही जोडी टिकली नाही. आता दोर बांधणार, पण त्याआधी सगळे दगड खाली हवेत, जसे होते तसे. मास्तरने मान डोलावली. निघताना बाईंनी कुतूहलाने विचारलं, ही उतरंडीची प्रथा किती जुनी हो? मास्तर म्हणाला, खूप जुनी.

ती अकरा वर्षांची होती. मास्तरनेच ती जन्माला घातली होती, आणि बारशाला भावोजी हजर होते.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. होडीवाले. दीपगृहाच्या खडकापर्यंत माणसं न्यायची, आणायची, मधल्या वेळात मासे धरायचे, आणि दोन्हीतून वेळ उरला की मेहुण्याची टिंगल करायची. त्या दिवशी भरती लांबली होती. फुटकं जहाज पाण्याखालीच राहिलं, आणि सहलीतली माणसं कुरकुरायला लागली. आमचा दिवस फुकट गेला, तिकडे दाखवायला काहीच नाही, असं चाललं होतं. मास्तर त्यांना गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरवून बाजूला येऊन बसला, तर भावोजी होडी वर ओढून ठेवून दगडावर दगड ठेवत होते. उगाच, चाळा म्हणून. मास्तरच्या डोक्यात गोष्ट तिथेच रांगायला लागली. एक नावाडी होता, त्याची बायको होती. तो परत आला नाही. ती रोज दगड रचायची. आई घरकामाच्या नादात ज्या चालीवर गुणगुणायची, त्या चालीवर दोन ओळीही जुळल्या:

दगडावर दगड, रचते उतरंड
दर्याचं गार तोंड, बोलेना बाई

भावोजींनी ऐकलं आणि नाक मुरडलं. नुसतं रचून काय, म्हणाले, काही नेम हवा, नेम असला की लोक नवस बोलल्यासारखे करतात. मग त्यांनी पदरचं घातलं. वरचा दगड डाव्या हाताने ठेवायचा, कारण उजवा हात हाक मारायला मोकळा हवा. आणि तो वरचा दगड आपोआप पडेल तेव्हा बघायचं. समुद्राच्या बाजूला पडला तर समजायचं, गेलेला माणूस कुठल्यातरी किनाऱ्याला लागला. गावाच्या बाजूला पडला तर समजायचं, समुद्राने ठेवून घेतला. हे सांगता सांगता त्यांना हसू आवरेना, खोकल्याची उबळ आली. मास्तरने जाऊन तोंड पाडून तीच गोष्ट माणसांना सांगितली. दहा मिनिटांत सगळी बस डाव्या हाताने दगड रचत होती. दोघं मेहुणे खडकाआड जाऊन पोट धरधरून हसले. तिसरं कुणी तिथे नव्हतं. निदान मास्तरला आठवत नव्हतं.

पुढे ही थाप त्याच्या हातात राहिली नाही. दुसऱ्या बसचे गाइड ती सांगू लागले. एकदा तर एका प्रवासीबाईंनी त्यालाच ती गोष्ट ऐकवली, नावाड्याच्या बायकोला त्यांनी सात मुलं दिली होती, आणि मास्तर चुकून उजवा हात म्हणाला तेव्हा त्याला दटावलं. भावोजी हे ऐकून दोन दिवस हसत होते.

मग तीन वर्षांपूर्वी, निवळशंख आभाळाच्या एका सकाळी, भावोजी होडी घेऊन गेले. संध्याकाळी होडी सापडली. वल्ही सापडली. भावोजी सापडले नाहीत. लोकांनी चार दिवस शोधलं, आठ दिवस शोधलं, मग एकेक करून आपापल्या कामाला लागले, आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

त्या आठवड्यात मास्तर ताईला घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर बसायचा. ताई पाण्याकडे बघायची. बोलण्यासारखं काही नव्हतं, हातांना करण्यासारखंही काही नव्हतं, म्हणून त्याने एक चपटा दगड घेतला, त्यावर दुसरा ठेवला. तिला बरं वाटावं म्हणून. सगळ्यात वरचा डाव्या हाताने. ताईने पाहिलं आणि डोळे पुसले. तेव्हापासून ती ताईची उतरंड. सहलीची बस आली की ताई तिथेच बसलेली असायची. मास्तर माणसांना लांबूनच गोष्ट सांगायचा आणि म्हणायचा, त्या उतरंडीला मात्र हात लावू नका.

ताईची लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. आई, इकडे ये, एकटी काय करतेस तिथे, असा तिचा धोशा होता. ताई म्हणायची, येईन. दर खेपेला येईन. मास्तर तिला काय सांगणार? त्याला वाटायचं, ही त्या दगडाच्या पडण्याची वाट बघत बसलीय. आपण दोघांनी हसत हसत रचलेल्या थापेला हिने आयुष्य बांधून ठेवलंय. आणि आज तीच उतरंड तिच्यासमोर उतरवायची होती. बाकीच्या सगळ्या गेल्या दोन आठवड्यांत सहलीच्या माणसांकडून खाली झाल्या होत्या. ही एक त्याने बाईंकडून मागून घेतली होती. आमच्या घरची आहे, म्हणाला होता, मी बघतो.

जकातघरापाशी त्याने पहिला प्रयत्न केला. माणसं आत जुन्या तराजूंचे फोटो काढत होती, ताई दारातल्या दगडी उंबऱ्यावर बसली होती. तो शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, ताई, ऊन लागत नाही ना? ताई म्हणाली नाही. तो परत आत गेला.

मिठागरांवर त्याने तिला बांधावरून चालवत थोडं पुढे नेलं. दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोन, त्यांत आभाळ तुकड्यातुकड्यांनी वाटून घातलेलं. आता सांगायचंच, असं ठरवून त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून मीठ कसं पिकतं ते आलं. वीस वर्षं सांगितलेलं, पाठ झालेलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, छान सांगतोस. त्याला स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

दीपगृहाचा जिना ताई चढली नाही. खाली ड्रायव्हरबरोबर चहा पीत बसली. मास्तर वरच्या कठड्यावरून माणसांना खडक आणि खाडीचं तोंड दाखवत होता, आणि त्याची नजर मात्र किनारा धरून पुढे पुढे जात होती. इतक्या उंचीवरून गोट्यांचा किनारा म्हणजे एक राखाडी रेघ. तिच्यात एक टिंब दिसतंय का, हे तो डोळे बारीक करून बघत होता. एका प्रवाशाने विचारलं, तिकडे काय आहे? काही नाही, मास्तर म्हणाला.

खाली आला तर ड्रायव्हरने त्याला बाजूला घेतलं. ड्रायव्हर बेरकी माणूस, इतरांच्या भानगडीत नाक खुपसणं हा त्याचा छंद, पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली होता. सांगितलंस का, त्याने विचारलं. मास्तरने नाही म्हणून मान हलवली. मग कधी सांगणार, दगड उचलल्यावर? ती बिचारी एवढी गोड बोलत बसलीय माझ्याशी, लेकीच्या घरी गच्ची आहे, तिथे कुंड्या लावायच्यात, काय काय. मास्तर चमकला. कुंड्या? ड्रायव्हर म्हणाला, हो, कुंड्या. आणि तिथे पोचल्यावर तू मला बसमध्येच बसायला सांगणार असशील तर बसतो, पण माणसांना परत बोलवायला हॉर्न वाजवायला लावू नकोस आज, मला जिवावर येतं.

फुटक्या जहाजापाशी ओहोटी अगदी वेळेवर आली होती. काळ्या फासळ्या, त्यांना लटकलेलं शेवाळ, मधल्या डबक्यात अडकलेली इवली मासोळी. मुलांच्या आया मुलांना ओढत होत्या. मास्तर जहाज कुठून आलं, कसं फुटलं, किती माणसं वाचली हे सांगत होता, आणि सांगता सांगता अडखळला. इथे तो दर खेपेला एक वाक्य घालायचा, की वाचलेला एक खलाशी दोन वर्षांनी चालत घरी आला. ते वाक्य त्याने आजही घातलं. पण ताई समोर उभी होती. ते तिला ऐकवायचं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. ताई मात्र त्याच्याकडे अशी बघत होती, जशी पूर्वी त्याला ताप आला की बघायची.

आणि मग उन्हं कलली.

गोट्यांच्या किनाऱ्यावर बस थांबली तेव्हा मास्तर सवयीने सगळ्यांच्या आधी उतरला. सवयीनेच त्याची नजर पुढे धावली. किनारा किती मोकळा दिसत होता! शेकडो उतरंडी जिथे दाटीवाटीने उभ्या असायच्या तिथे आता नुसते दगड, पडून राहिलेले, ओळख न देणारे. मध्ये एकच उतरंड. वरचा दगड जागेवर. मास्तरने श्वास सोडला, आणि मग माणसांना उतरायला हात दिला.

त्याने माणसांना वरच्या बाजूने, पायवाटेने, खाडीच्या तोंडाकडे पाठवलं, तिकडे बगळे बघा म्हणाला. मग तो आणि ताई दगडांवरून खाली चालत गेले. दगड पायाखाली कुरकुरत, सरकत. ताईने त्याचा दंड धरला होता. उतरंडीपाशी पोचल्यावर ती नेहमीच्या जागी टेकली, पिशवी शेजारी ठेवली. तो उभाच राहिला.

“ताई, उद्यापासून हा किनारा बंद होतोय.”

“माहीत आहे.”

“पक्षी येणार आहेत म्हणे. सगळे दगड खाली हवेत.”

“अरे, मला दिसत नाही का? रोज आले की चार उतरंडी कमी. परवा पाहिलं तर आपलीच तेवढी उभी.”

तिचा आवाज शांत होता. तेच मास्तरला सोसेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि एका दमात सांगून मोकळा झाला, की ही प्रथा वगैरे काही नाही, जुनी नाही आणि खरीही नाही, मी आणि भावोजींनी एका दुपारी माणसांना गप्प करायला...

“मी होते की तिथे,” ताई म्हणाली.

उकिडवा बसलेला मास्तर खाली दगडांवरच टेकला.

“डबा घेऊन आले होते तुमच्यासाठी. तुम्ही जेवलात, आणि मी त्या खडकापलीकडे पाण्याशी भांडी विसळत होते. तुमचं खिदळणं ऐकू येत होतं मला. डावा हात ह्यांनीच घातला ना? मी तेव्हाच म्हटलं मनात, ही दोन म्हातारी पोरं लोकांना बनवतायत.” ती हसली. हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. “बिचाऱ्या लोकांनी किती मनावर घेतलं.”

पाणी आलं, दगडांतून गळत परत गेलं. त्याने तीन वर्षं जे ओझं तिच्या डोक्यावर आहे असं धरलं होतं, ते तिथे नव्हतंच. मग ते होतं कुठे?

“मग तू रोज इथे येऊन का बसतेस?” त्याने विचारलं.

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तू येतोस म्हणून,” ती म्हणाली. “बसमधून उतरतोस तो आधी इकडे बघतोस, वरचा दगड आहे का जागेवर. माणसं मागे राहतात, बोलणं मागे राहतं. आधी दगड. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासाठी बघतोय. मग एक दिवस वारा सुटला होता, दगड पडलेला होता. तू बसमधून उतरून ते पाहिलं असतंस तर तुझं तोंड मला बघवलं नसतं, म्हणून तू यायच्या आत तो परत वर ठेवला. तेव्हापासून ठेवतेच आहे. वारा असतो, कुत्री असतात, कुणाची पोरं असतात. सहलीच्या दिवशी मी लवकर येते.”

मास्तरने उतरंडीच्या माथ्याकडे पाहिलं. “पडला होता?”

“कितीदा तरी.”

तो पुढे झुकला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, बारीक, घाबरलेला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

“कुठल्या बाजूला?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवलानेही नाही. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा आणि ताप तसाच असावा, तशी तिची मुद्रा झाली.

“बघ,” ती म्हणाली. “ह्याचीच मला भीती होती.”

मास्तरने मान खाली घातली. स्वतः रचलेली गोष्ट, स्वतः ओळी जुळवलेली, भावोजींच्या खोकल्यासकट पाठ असलेली. जगात तिच्यावर विश्वास ठेवू नये असा एकच माणूस होता, आणि त्यानेच ठेवला होता. दर सहलीला तो माणसांना हसवत आणायचा, आणि या दगडांवर उतरला की त्याच्या आत कुणीतरी हात जोडून उभं राहायचं.

“वारा येईल तसा पडतो रे,” ताई म्हणाली. “कधी पाण्याकडे, कधी गावाकडे. दगडाला काय कळतंय. ते गेले, बाळ. होडी रिकामी आली त्याच दिवशी गेले. मी रडून घेतलं, भिंतीशी रडले, ह्यांच्या सदऱ्यात तोंड घालून रडले. लेक रडली. तू तेवढा रडला नाहीस. तू गोष्ट सांगत राहिलास.”

खाडीच्या बाजूने माणसांचे आवाज येत होते, कुणाला तरी बगळा दिसला होता.

मग ताईने पिशवी मांडीवर ओढली, बंदाशी चाळा करत, खाली बघून विचारलं. एवढ्या मोठ्या बहिणीने धाकट्या भावाची परवानगी मागावी, तसं.

“लेक केव्हाची बोलावतेय. तुला असा सोडून मला जाववत नव्हतं. आता जाऊ ना?”

आता मास्तरला कळलं की लेकीकडच्या कुंड्या कुठून आल्या होत्या. ही बाई मनाने केव्हाच त्या गच्चीवर पोचली होती, आणि देहाने इथे थांबली होती, त्याचा दगड सांभाळत. त्याला म्हणायचं होतं, जा. जा म्हटलं की ताई जाणार, आणि ताई गेली की भावोजी जाणार, आणि मग या सगळ्या किनाऱ्यावर त्याला ओळखणारं कोण उरणार? बोलण्यावर पोट भरणारा माणूस, आणि त्याला एक शब्द सापडत नव्हता.

त्याने हात पुढे केला आणि उतरंडीवरचा दगड उचलला. चपटा होता, उन्हाने कोमट झालेला, अपेक्षेपेक्षा हलका. त्याने तो दोन्ही हातांत धरला. समुद्राच्या बाजूला ठेवला नाही, गावाच्या बाजूला ठेवला नाही, आपल्या पायाशी ठेवला. मग दुसरा. मग तिसरा ताईने घेतला. दोघं मिळून एकेक दगड उतरवत गेले, लग्नघर आवरताना बहीणभाऊ भांडी उतरवतात तसे, आवाज न करता. ताई मधेच म्हणाली, हा ठेव नीट, ह्याची ओली बाजू खाली कर. शेवटचा, सगळ्यात खालचा दगड त्यांनी हलवलाही नाही. तो आधीपासून तिथेच होता, बाकीच्या दगडांसारखा.

ताई उठली. घर वळणापलीकडे दिसत होतं, पण ती म्हणाली, चल, मी चौकापर्यंत येते तुमच्याबरोबर, लेकीला तिथून फोन करू, घरून आवाज नीट जात नाही. घरून आवाज चांगला जायचा. मास्तरने तसं म्हटलं नाही.

माणसं बसमध्ये चढली. परतीच्या वाटेवर मास्तर नेहमी माइक घेऊन विनोद सांगायचा, दमलेल्या मुलांना कोडी घालायचा. माणसं वाट बघत होती. एका पोक्त गृहस्थांनी मागून विचारलं, अहो, या किनाऱ्याची एक जुनी कथा आहे म्हणे, दगड रचायची? ती राहिलीच की.

मास्तर माइक धरून उभा होता. बस हलत होती, त्याने वरची दांडी पकडली.

“ती कथा आम्ही बनवली होती,” तो म्हणाला. “मी आणि माझ्या भावोजींनी. भावोजी होडीवाले होते. तीन वर्षांपूर्वी या समुद्रात बुडाले ते. होडी मिळाली. ते मिळाले नाहीत.”

एवढंच बोलायचं त्याने ठरवलं होतं. पण बुडाले हा शब्द तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि तो माइकमधून बसच्या मागच्या टोकापर्यंत जाऊन परत त्याच्याकडे आला. सहलीत गाइड कधी बसत नाही. मास्तर बसला. ताईने खिडकीकडे सरकून त्याला जागा केली, आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं. तीन वर्षांचं रडणं एकदम येतं तेव्हा ते माणसासारखं येत नाही. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, नजर काढून घेतली आणि गाडीचा वेग कमी केला.

ताई एका हाताने भावाची पाठ चोळत राहिली. माइक त्याच्या मांडीवरून घरंगळत चालला होता, तो तिने दुसऱ्या हाताने पकडला. थोडा वेळ तसाच धरला. मग तोंडाजवळ नेला, आधी फार लांब, मग फार जवळ.

“ह्याला जरा बरं नाही,” ती सगळ्यांना म्हणाली. “तुमची सहल अर्धवट राहायला नको. मला इतिहास वगैरे येत नाही. जे दिसतंय ते सांगते.”

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. संध्याकाळ पाण्यावर उतरत होती.

“इकडे समुद्र आहे,” ती म्हणाली, आणि पुढे काय सांगावं ते न सुचून, बस वळणाला लागेपर्यंत, बघत राहिली.